कॅसिनोवाले फसवत नसतील, तर त्यांची कमाई होते कशी?

तुम्ही विचारलंय की रूलेटच्या चाकात काही गडबड असते का, आणि नसेल तर कॅसिनोच्या एवढ्या मोठ्या बोटी चालतात कशा. पणजीला मांडवीतल्या एका बोटीवर मी दोन वर्षं रूलेटला डीलर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा, होतो. गडबड करायची गरजच पडत नाही. सगळी कमाई त्या हिरव्या शून्यात आहे.

चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य, अशी ३७ घरं. १८ लाल, १८ काळी, शून्य हिरवं. फिरत्या चाकात सोडलेला चेंडू ज्या घरात थांबेल तो आकडा जिंकतो. समजा प्रत्येक घरावर १०० रुपये लावले, एकूण ३,७००. जो आकडा येईल त्यावर ३५ पट मिळतात आणि लावलेले १०० परत, म्हणजे हातात ३,६००. शंभर रुपये बोटीचे. टक्क्यात २.७. किरकोळ वाटतं ना? पण ही कात्री दर डावाला लागते. दहा हजार घेऊन आलेला माणूस हरत-जिंकत तेच पैसे फिरवून रात्रभरात सहज लाखाचे डाव लावतो, आणि लाखावर सरासरी २,७०० होतात. जेवण, दारू, गाणी पॅकेजमध्येच असतात ती यासाठी. माणूस जितका बसेल तितके डाव.

पोकरचं वेगळं. तिथे खेळाडू आपापसांत खेळतात, बोट पॉटमधून, म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेल्या पैशातून, आपला कट काढते.

२०२० पासून खुद्द गोंयकारांना आत खेळायला बंदी आहे. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अंमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे शनिवार-रविवारी टेबलावर मराठी सारखी कानावर पडायची.

जीव तुटायचा तो हरल्यावर दुप्पट लावणाऱ्यांसाठी. एक काका लालवर ५०० लावायचे. हरले की हजार, मग दोन हजार. मागचे आकडे दाखवणाऱ्या बोर्डाकडे हात करून मला म्हणाले, "सहा वेळा काळा आलाय, आता लाल येणारच ना रे?" डीलरला असलं काही बोलता येत नाही. चेंडूला मागचं काही आठवत नसतं. लालची शक्यता तेव्हाही ३७ पैकी १८ च होती. त्यांनी ३२,००० लावले. पुन्हा काळा. एकूण ६३,५०० गेले, पुढचा डाव ६४,००० चा हवा आणि टेबलाची मर्यादा ५०,००० ची. ती पाटी पहिल्यापासून त्यांच्या समोरच होती.

ते चिप्स मीच ओढून घेतले, वीस-वीसच्या चवडी लावल्या, कॅमेऱ्याला दोन्ही तळवे दाखवले आणि पुढचा डाव सुरू केला. काका बराच वेळ खुर्चीवरून उठले नाहीत.