वाचकांचे प्रश्न : मुलाखतीच्या खोलीतला बाहेरचा माणूस

प्रश्न : सोळा वर्षे नोकरी केल्यानंतर गेली तीन वर्षे मी पुण्यात स्वतंत्र सल्लागार म्हणून डेटाबेसची कामे करतो. हिंजवडीतील एका कंपनीशी माझा दरमहा ठराविक रकमेचा करार आहे. गेल्या चार महिन्यांत तेथील एचआर विभागाने मला आधी उमेदवारांचे बायोडेटा चाळायला सांगितले आणि मग शनिवारी मुलाखतींना बसवले. अकरा मुलाखती झाल्या, वेगळा मोबदला मात्र मिळालेला नाही. आता उमेदवाराशी पगाराचे बोलणेही मीच करावे, असे त्यांचे म्हणणे आहे. भरायची जागा बऱ्याच अंशी मी करतो त्याच कामाची आहे. नकार दिला तर करार जाण्याची भीती वाटते. काय करावे?
— एक सल्लागार, पुणे

उत्तर : नकार देऊ नका, पण जसे चालले आहे तसे चालूही देऊ नका. कंपनीने तुम्हाला बोलावण्यात वावगे काही नाही. आत जाणकार नव्हता म्हणूनच तुम्हाला नेमले गेले, तेव्हा नव्या जाणकाराची पारख करणाराही आत नसणार, हे ओघानेच आले. क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) मंदावली तर इंडेक्स (नोंदी झटपट शोधण्याची सूची) लावतो, असे उमेदवाराने सांगितले की एचआरची व्यक्ती समाधानाने मान डोलावते. इंडेक्स असूनही डेटाबेस तो वापरत नसेल तर काय कराल, हे विचारणारा कोणीतरी तिथे असावा लागतो, आणि पाठांतर नेमके तिथेच उघडे पडते.

आधी पैशांचे पाहू. कराराला जोडलेले कामाच्या व्याप्तीचे परिशिष्ट काढून वाचा. त्यात भरतीचा उल्लेख नसेल, आणि बहुधा नसेलच, तर एका पानाचे पुरवणी पत्र करून घ्या. एका तासाची मुलाखत तुमचे किमान दोन तास खाते, कारण बायोडेटा वाचणे, प्रश्न काढणे, उशिरा येणाऱ्याची वाट पाहणे आणि अभिप्राय लिहिणे हे सगळे त्यातच आले. त्यामुळे दर तासावर ठरवा आणि महिन्याची कमाल मर्यादाही लिहून घ्या. बिलात ‘तांत्रिक मूल्यमापन’ अशी स्वतंत्र ओळ टाका. ही रक्कम तुमच्या वार्षिक उलाढालीत धरली जाते, आणि महाराष्ट्रात सेवा पुरवणाऱ्याची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, एवढे लक्षात असू द्या. झालेल्या अकरा मुलाखतींचे पैसे मागायचे की सोडायचे, हे तुमच्या संबंधांवर आहे. मी असतो तर सोडले असते, पण सोडल्याचा उल्लेख पत्रात केला असता. उमेदवार रुजू झाला तर अमुक रक्कम, असा मोबदला मात्र घेऊ नका, कारण मग तुमच्या ‘योग्य आहे’ या शेऱ्याला किंमत उरत नाही.

यापेक्षा नाजूक बाब तुमच्या ओळखीची आहे. मूल्यमापनाच्या फॉर्मवर सहीजवळ ‘पदनाम’ असा रकाना असतो. एचआरची मंडळी घाईत तिथे ‘टेक्निकल मॅनेजर’ लिहून मोकळी होतात आणि आपण सही करतो. तिथे ‘बाह्य सल्लागार’ असेच लिहा. कारण कोण नोकर आणि कोण स्वतंत्र, हा वाद झाला तर न्यायालय कराराचे शीर्षक पाहून थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली धारंगधरा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मीठ पिकवणाऱ्या अगरियांना कामगार ठरवले. ते उत्पादनाच्या प्रमाणात पैसे घेत होते आणि मदतीला स्वतःची माणसेही लावत होते, तरी कामाच्या पद्धतीवर कंपनीची देखरेख होती. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात नगावर मजुरी घेणाऱ्या शिंप्यांबाबतही निर्णय तसाच झाला, आणि तिथे शिलाई यंत्रे दुकानाची होती ही गोष्ट महत्त्वाची ठरली. चार मुलाखती घेतल्याने तुम्ही नोकर होत नाही. परंतु कंपनीचा ईमेल, कंपनीचे पदनाम, शनिवारची हजेरी आणि नेमणुकीचा निर्णय हे सगळे एकत्र आले की चित्र पालटू लागते.

म्हणूनच पगाराचे बोलणे तुमच्याकडे घेऊ नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३७ नुसार, एखाद्याला अधिकार आहे असा समज मालकाने स्वतःच्या वागण्याने करून दिला असेल, तर त्याने अधिकाराबाहेर दिलेला शब्दही मालकावर बंधनकारक ठरू शकतो. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येईल, असे तुम्ही सहज बोलून जाल, उमेदवार तो कंपनीचा शब्द मानेल आणि त्याचे निस्तरणे तुमच्याकडे येईल. पगार, रजा आणि रुजू होण्याची तारीख यांविषयी विचारले तर ‘ते एचआर सांगतील’ एवढेच उत्तर द्या. लग्न केव्हा करणार, असले प्रश्न इतर कोणी विचारू लागले तर तिथेच थांबवा. वेतन संहिता, २०१९ भरतीत लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करते, आणि बाहेरचा माणूस म्हणून तुम्हाला ते सांगणे तुलनेने सोपे असते.

राहिली तुमचीच जागा भरण्याची गोष्ट. या जागेवर माणूस आला की माझे काम कमी होईल, हे लक्षात घेऊन माझे मत घ्या, असे कंपनीला ईमेलने आधीच कळवून टाका. असे न सांगता दोन उमेदवार नापास केलेत तर उद्या कोणीही बोट दाखवील. उमेदवार तुमचा जुना सहकारी असेल तर त्या मुलाखतीला बसू नका. काम संपल्यावर बायोडेटा फोनमधूनही काढून टाका, विशेषतः व्हॉट्सॲपवर आलेले.

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये रेडिंग येथे राहते आणि स्वतःच्या लिमिटेड कंपनीमार्फत एका मोठ्या बँकेचे काम करते. बँकेने कायम कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेण्यास सांगितले आहे. स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारी व्यक्ती प्रत्यक्षात ग्राहकाच्या नोकरासारखीच आहे का, हे करासाठी पाहणाऱ्या आयआर-३५ नियमांच्या दृष्टीने यात धोका आहे का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : थोडा आहे, घाबरण्याइतका नाही. एप्रिल २००० पासून लागू असलेल्या या नियमांत एप्रिल २०२१ मध्ये बदल झाला, आणि खाजगी क्षेत्रातील मोठ्या व मध्यम ग्राहकांच्या बाबतीत कंत्राटदाराचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी ग्राहकावर आली. तेव्हा तुमच्या दर्जाविषयी बँकेने दिलेले लेखी निर्धारण आधी काढून पाहा. १९६८ च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यापासून तुमच्याऐवजी दुसऱ्याला पाठवता येते का आणि कामावर नियंत्रण कोणाचे, यांवर मुख्य भर असतो. तुम्ही संस्थेचा अविभाज्य भाग झाला आहात का, ही त्यानंतरची बाब आहे. तांत्रिक मत देणे एक, आणि कोणाला घ्यायचे, किती पगार द्यायचा, कोणाची रजा मंजूर करायची हे ठरवणे दुसरे. हा दर्जा तपासण्यासाठी ब्रिटनच्या महसूल खात्याने २०१७ मध्ये आणलेल्या ऑनलाइन प्रश्नावलीतही भरती व बडतर्फीसारख्या व्यवस्थापकीय कामांविषयी प्रश्न होता. त्यामुळे तुमच्या कामाच्या वर्णनात ‘उमेदवारांचे तांत्रिक मूल्यमापन, निवडीचा निर्णय बँकेचा’ अशी नोंद करून घ्या आणि अभिप्राय पाठवताना ‘सिलेक्टेड’ असा शेरा मारू नका.