बाल्कनीत गोणीमध्ये बटाटे येतात का? कधी लावायचे?

येतात की, आरामात येतात. फक्त सीझन चुकवू नका, ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत लावून टाका, कारण रात्री गारवा असला तरच खाली बटाटा नीट धरतो, उन्हाळ्यात नुसता पाला माजतो आणि खाली गोट्या.

तांदळाची २५ किलोची रिकामी गोणी घ्या, बुडाला भोकं पाडा आणि कड दुमडत दुमडत निम्म्यावर आणा. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून वीतभर भरा. घरातलाच कोंब आलेला बटाटा चालतो, पण बियाण्याचा मिळाला तर बेस्ट, रोगाची भीती कमी. मोठा असेल तर दोन-तीन डोळे राहतील असे तुकडे करा आणि काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या, ओला काप मातीत गेला की कुजलाच म्हणून समजा. एका गोणीत दोन-तीन तुकडे बास, लोक हावरटपणा करून सात-आठ कोंबतात.

रोप वीतभर झालं की गोणीची कड उलगडून शेंडा सोडून माती चढवायची, असं दोन-तीनदा. हे टाळू नका, उघड्या राहिलेल्या बटाट्यावर ऊन पडलं की तो हिरवा होतो आणि हिरवा बटाटा खायचा नाही, त्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ऊन पाच-सहा तास तरी हवं. पाणी बोटाने माती चाचपून द्या, चिखल नको.

साधारण ९०-१०० दिवसांत पाला पिवळा पडतो, मग पाणी बंद, आठवड्याने गोणी सरळ उलटी करा.