‘श्यामची आई’ : पुस्तक आधी वाचावं की सिनेमा आधी पाहावा?

पुस्तकच आधी. आमच्या अमळनेरात या विषयावर वाद हमखास रंगतो. पुस्तकाचे लेखक साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलात शिकवायचे, त्यामुळे जो तो स्वतःला जाणकार समजतो!

पुस्तकात श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री एकेक आठवण सांगतो. मित्र ऐकतात, मध्येच बोलतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जमतात. मला ती बैठकच जास्त आवडते. पडद्यावर ती मागे पडते, प्रसंग थेट समोर येतात.

पण म्हणून अत्र्यांचा १९५३चा सिनेमा टाळू नका. वनमालाबाईंनी साकारलेल्या आईत धाक आणि माया एकाच नजरेत दिसते. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला उगाच नाही मिळालं. २०२३चा नवा सिनेमा त्यानंतर पाहा.