यजमान कुटुंबात सहा महिने: लाजेल त्याचं अडेल

तुझा प्रश्न वाचला. युवा स्वयंसेवक कार्यक्रमात सहा महिन्यांसाठी निवड झालीय, राहायची सोय वसतिगृहात नसून एका कुटुंबात आहे, त्यांची भाषा जेमतेम येते. त्या घरात पाहुण्यासारखं राहायचं की घरच्यासारखं, आणि नाहीच जमलं तर घर बदलून मागता येतं का, असं तू विचारलं आहेस. वयाने बरीच मोठी आहे म्हणून सरळ एकेरीवर येतेय. तरुणपणी मी अशा कार्यक्रमात राहून आलेय आणि नंतर काही वर्षं स्वयंसेवकांसाठी घरं शोधायचं, म्हणजे खरं तर दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकायचं काम केलंय. त्यामुळे उत्तर लांबणार, सवडीने वाच.

पाहुणी की घरची, तर दोन्ही नाही. सहा महिने कुणी कुणाचा पाहुणचार करू शकत नाही, तिसऱ्या आठवड्यात दोघंही थकतात. आणि घरच्यांचं अर्धंअधिक न बोलता चालतं. कुणी कधी अंघोळीला जायचं, टीव्हीचा आवाज किती, रात्री उशीर झाला तर कुणाला कळवायचं, हे त्यांनी कधीच ठरवलेलं नसतं, ते मुरलेलं असतं. तुला ते दिसणार नाही आणि त्यांना ते सांगायचं सुचणार नाही. म्हणून तुलाच विचारावं लागेल, तेही पहिल्या आठवड्यात. नव्याने आलेल्या मुलीने काहीही विचारलं तरी लोक कौतुकाने सांगतात. तोच प्रश्न तिसऱ्या महिन्यात विचारला की त्यात तक्रारीचा वास येतो.

काय विचारायचं? अगदी फुटकळ वाटणाऱ्या गोष्टी. सकाळी बाथरूम कुणाला किती वाजता लागतं. कपडे मी धुवायचे की सगळ्यांचे एकत्र धुतले जातात, आणि आतले कपडे वाळत कुठे घालायचे (हे विचारायला मुली हमखास लाजतात आणि मग महिनाभर खुर्चीच्या पाठीवर वाळत घालतात). घराची किल्ली मिळणार का. जेवायला सगळे एकत्र बसतात का, मी येणार नसले तर किती आधी सांगू. रात्री घरी फोन केला तर आवाज पलीकडे जातो का. मैत्रिणीला घरी आणलेलं चालेल का. भाषेची अडचण असेल तर समन्वयकाला, म्हणजे तुझ्यात आणि कुटुंबात दुवा म्हणून संस्थेने नेमलेल्या माणसाला, पहिल्या भेटीत सोबत बसव आणि हे सगळं त्याच्यासमोर होऊ दे. त्यासाठीच तो असतो.

खोलीचं दार लावून बसलं तर चालेल का, हे तू वेगळं विचारलंस ते बरं केलंस, कारण मी पाहिलेल्या कुरबुरींपैकी निम्म्या त्या दाराशीच सुरू झाल्या. एक स्वयंसेवक मुलगी रोज कामावरून आली की दार लावून आत बसायची. तिच्या मते ती घरच्यांना त्यांचा निवांतपणा देत होती. घरच्यांच्या मते ती रागावलेली होती. त्या घरातली आजी रोज संध्याकाळी झाकलेलं ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवायची आणि हळूच निघून जायची. मुलीला वाटलं, आपल्याला सगळ्यांबरोबर जेवायला बोलवायचं नाही म्हणून ताट बाहेर ठेवतात. मी गेले तेव्हा दोघी माझ्यापाशी वेगवेगळ्या रडल्या. भांडण कुठेच नव्हतं. उपाय इतकाच निघाला की आल्यावर अर्धा तास सगळ्यांत बसायचं, भाषा येवो न येवो, आणि मग "आता मी थोडं वाचत पडते" असं सांगून आत जायचं. दार लावायला हरकत नाही, न सांगता लावू नये.

कामात हात लावायचा का, तर हो. पण "काही मदत करू का?" असं विचारत फिरू नकोस, त्याला जगभर एकच उत्तर मिळतं, "नको नको, बस तू." त्यापेक्षा रोजचं एक लहानसं काम उचल: जेवणानंतर टेबल पुसणं, कचरा बाहेर नेऊन ठेवणं, झाडांना पाणी घालणं. सलग काही दिवस न चुकता केलंस की ते काम तुझं होतं आणि त्या कामाबरोबर घरात तुझी एक जागा होते. स्वयंपाकघरात मात्र जपून. काही घरांत ते सगळ्यांचं असतं, काही घरांत एकाच माणसाचं राज्य असतं. आठवडाभर नुसतं पाहा, मग शिर.

याची दुसरी बाजूही सांगते. तू संस्थेच्या कामासाठी आली आहेस, घरकामासाठी नाही. घरातली तुझ्या वयाची माणसं जेवढं करतात तेवढं करणं रास्त आहे. पण रोज संध्याकाळी लहान मुलं तुझ्यावर सोपवून नवराबायको दोघं बाहेर जायला लागली, किंवा तुझ्या कामाच्या दिवशीही घरची कामं ठरवून ठेवायला लागली, तर ते समन्वयकाच्या कानावर घाल. त्यात चुगली वगैरे काही नाही. बऱ्याचदा कुटुंबाला कुणी नीट समजावूनच सांगितलेलं नसतं.

मुळात संस्था कुटुंबात ठेवतात कशासाठी? स्वस्त पडतं म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. काही ठिकाणी तेही खरं असेल. पण या पद्धतीची मुळं जुनी आहेत. डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांनी १९३२ साली 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' सुरू केलं, आणि पुढे परक्या घरात राहणं हाच त्या कार्यक्रमाचा गाभा झाला. अमेरिकेचं 'पीस कोअर' १९६१ पासून चालू आहे. तिथे नेमणुकीआधी साधारण तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं आणि त्या काळात स्वयंसेवकांना सहसा स्थानिक कुटुंबात ठेवतात. भाषा वर्गात शिकवली जाते, पण ती तोंडात बसते घरात. शिवाय एखाद्या घरची म्हणून तुला आळी ओळखायला लागली की अनोळखी जागी ते मोठं संरक्षण असतं. हे कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं दिसत नाही, पण मुलींच्या बाबतीत मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुझ्याबरोबर तू जाशील त्या देशातलाच जोडीदार स्वयंसेवक असेल तर थोडं सावध राहा. 'कॅनडा वर्ल्ड यूथ' या १९७१ साली स्थापन झालेल्या कार्यक्रमाने ही जोडीची पद्धत बरीच रुजवली: एक कॅनडाचा, एक भागीदार देशातला, दोघं एकाच घरात. पद्धत उत्तम आहे, पण भाषा येणारा जोडीदार बघता बघता दुभाषा होतो आणि घरचे तुझ्याशी बोलायचं सोडून तुझ्याबद्दल त्याच्याशी बोलायला लागतात. "तिला अजून वाढू का?" असं तुझ्या देखत जोडीदाराला विचारलं गेलं की समज, आता आपण तोंड उघडायला हवं. मोडकं तोडकं, पण स्वतः. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला गुरू कर. मोठी माणसं तुझ्या चुका गिळतात, मुलं तोंडावर सांगतात आणि वर हसतातही. फोनवरचं भाषांतर औषधं, पैसे, वेळा अशा गोष्टींना वापर, जिथे घोळ परवडत नाही. गप्पांना ते वापरलंस तर दोघी फोनकडे बघत बसाल.

पैशांचं थोडक्यात. कुठे संस्था कुटुंबाला जेवणाराहण्याचा खर्च देते, कुठे कुटुंब सगळं स्वखुशीने करतं. तुझ्या कार्यक्रमात काय आहे ते संस्थेकडून लेखी विचारून घे, कुटुंबाला विचारू नकोस. उदाहरणार्थ, १८ ते ३० वयोगटासाठीच्या 'युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर'मध्ये स्वयंसेवकाचं राहणं, जेवण, विमा हे कार्यक्रमातूनच भागतं आणि वर हातखर्चाला पैसे मिळतात. अशा ठिकाणी कुटुंबाला परस्पर पैसे देणं म्हणजे नसता गुंता. उसने देऊ नकोस, घेऊही नकोस. भेटवस्तू लहान ने, आणि सगळ्या घराला मिळून एक ने, म्हणजे कुणाला काय आणलं याची तुलना होत नाही.

आता पहिल्या दिवसांबद्दल. 'कल्चर शॉक', म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणारा धक्का, ही कल्पना मानववंशशास्त्रज्ञ कॅलेर्व्हो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकात लोकांपर्यंत नेली. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांवरून मांडलं की आधी आनंद, मध्ये घसरण, मग सावरणं, असा आलेख असतो. प्रशिक्षणात अजूनही तो आलेख फळ्यावर काढतात. पण १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आला, त्यात सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीला, पोचल्या पोचल्या दिसला. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलंही याच्याच जवळ जातं. त्यामुळे दुसऱ्याच रात्री उशीत तोंड खुपसून रडू आलं तर "सगळ्यांचा पहिला महिना मजेत जातो, माझंच काहीतरी बिनसलंय" असं मनात आणू नकोस. रोज घरी तासन्‌तास व्हिडिओ कॉल करणं मात्र टाळ. आईचा जीव तिकडे टांगणीला आणि तुझा इकडे. ठरावीक वार ठरव.

घर बदलून मिळतं का? मिळतं. चांगल्या कार्यक्रमांत त्याची रीत ठरलेली असते. पण दोन गोष्टींची गल्लत करू नकोस. जेवण रुचत नाही, घरात फार आवाज असतो, सारखं "कुठे निघालीस" विचारतात, ही गैरसोय. ती आधी घरच्यांशी, मग समन्वयकाला मध्ये घेऊन बोलायची, आणि दोनतीन आठवडे द्यायचे. "कुठे निघालीस"चं म्हणशील तर बहुतेक वेळा त्यामागे एवढंच असतं की तुला काही झालं तर जाब त्यांना द्यावा लागणार. निघताना स्वतःहून जागा आणि परतायची वेळ सांगितलीस की प्रश्न आपोआप कमी होतात.

दुसरी गोष्ट वेगळी. कुणी नको तसा स्पर्श केला, रात्री न विचारता खोलीत आलं, पासपोर्ट "आमच्याकडे ठेव" म्हणून काढून घेतला, घरात मारहाण होते, तुला कोंडून ठेवलं, यातलं काहीही झालं तर चर्चा नाही, खात्री करत बसणं नाही, "त्यांना वाईट वाटेल" नाही. पासपोर्ट आणि फोन घेऊन बाहेर पड आणि बाहेरून फोन कर. त्यासाठी समन्वयकाचा, संस्थेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरचा आणि स्थानिक पोलिसांचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेव, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देते. आणि तुझ्या कामावर देखरेख करणारी व्यक्ती आणि तुझी विचारपूस करणारी व्यक्ती एकच आहे की वेगवेगळ्या, ते आत्ताच विचार. सॉलिडॅरिटी कोअरमध्ये मार्गदर्शक मुद्दाम वेगळा ठेवतात, कारण साहेबाविरुद्ध साहेबाकडेच तक्रार कोण करणार?

एक गोष्ट कुटुंबाच्या बाजूने. तुला मिळणारी खोली बहुधा कुणीतरी रिकामी केलेली असते. मी राहिले त्या घरात कपाटाच्या आतल्या बाजूला एका मुलीने पेन्सिलने स्वतःच्या उंचीच्या खुणा करून ठेवल्या होत्या, आणि ती मुलगी माझ्यामुळे बहिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपत होती. अशा मुलीला तिच्या वस्तू घ्यायला दार वाजवून आत येऊ द्यावं लागतं, दर वेळी हसून. घरातल्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नकोस, घरातल्या वादांचं वर्णन तर नाहीच नाही. लोक तुझं खातं शोधून काढतात आणि भाषांतर करून वाचतात.

निघायच्या आधी संस्थेला एक मेल टाक: घरात कोण कोण आहे, पाळीव प्राणी आहे का, खोली स्वतंत्र आहे का आणि आतून कडी आहे का, आधी कुणी स्वयंसेवक राहून गेलाय का आणि त्याच्याशी बोलता येईल का. तुला कसली ॲलर्जी असेल, रोजचं औषध असेल, तर तेही त्याच मेलमध्ये कळव. आधी राहून गेलेल्याशी बोलायला मिळालं तर त्याला घर कसं आहे हे विचारू नकोस, सगळे छानच म्हणतात. घरचे कशावरून वैतागतात ते विचार.