परसात हीला मॉन्स्टर आलाय? बादली आधी खाली ठेवा

ताई, भिंतीलगत नारिंगी-काळ्या नक्षीचा जाडजूड सरड्यासारखा प्राणी, सोसायटीच्या ऑफिसचा 'ताबडतोब हटवा' असा ई-मेल, आणि यजमान म्हणतात बादलीत घालून वीस मैलांवर डोंगरात सोडून येतो. तुमची पोस्ट वाचताना आमचा ॲरिझोनातल्या टूसॉनचा तो मे महिना आठवला.

फोटोतला हीला मॉन्स्टरच आहे, इथल्या वाळवंटातला मोठा सरडा. मण्यांसारखे खवले आणि जाड शेपूट बघून चूक होणं कठीण. विषारी आहे, हे खरं. पण अंगावर धावून येत नाही. हात लावणाऱ्यालाच चावतो, आणि चावला की सोडत नाही. मुलं, कुत्रा आत घ्या आणि त्याला जाऊ द्या. नव्वद टक्क्यांहून जास्त काळ तो बिळातच असतो, तुम्हाला दिसला हेच नवल.

आता खरा मुद्दा. आमच्या सोसायटीच्या ऑफिसने कसलीही चौकशी न करता कीटकनाशकवाल्याला पाठवलं. त्याने चिमट्याने पकडून गाडीत टाकला. कुठे सोडला विचारलं तर "वाळवंटात". अख्खं ॲरिझोना वाळवंट आहे हो! वर बिल आमच्या नावावर. परवान्याशिवाय हा प्राणी पकडणं-मारणं इथे गुन्हा आहे, 1952 पासून संरक्षण आहे, हे त्या ऑफिसला सांगणारं कुणी नव्हतं, आणि ऐकून घेण्याची इच्छाही नव्हती.

लांब सोडणं ही दया नाही. इथल्याच फिनिक्स शहराच्या भागात या प्राण्यांना रेडिओ ट्रान्समीटर लावून पाहणी झाली होती. एक किलोमीटरच्या आत सोडलेले प्राणी परत आले, त्याहून लांब नेलेले सैरावैरा भटकत राहिले. बिळं आणि ज्यांची अंडी तो खातो ते लावे पक्षी कुठे अंडी घालतात ती ठिकाणं त्याला आपल्याच इलाक्यातली ठाऊक असतात. म्हणून यजमानांना समजवा. गॅरेजमध्ये अडकला असेल तरच राज्याच्या वन्यजीव विभागाला फोन करा, आणि किती लांब सोडणार ते विचारा.

मी डॉक्टर नाही, तरी चावलाच तर घरगुती उपाय नकोत. यावर प्रतिविष मिळत नाही. सरळ 911 ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करा. 2024 मध्ये कोलोरॅडोत घरी पाळलेला हीला मॉन्स्टर चावून एकाचा मृत्यू झालाय.

जाता जाता, फॅमिली ग्रुपवर 'ओझेम्पिक (ते मधुमेहाचं, वजन घटवणारं इंजेक्शन) सरड्याच्या लाळेपासून बनतं' असं फिरतंय. तसं नाही. या प्राण्याच्या विषातल्या रेणूवरून आलं ते एक्झेनाटाइड, मधुमेहावरचं, अमेरिकेत 2005 मध्ये मंजूर झालेलं. ओझेम्पिक वेगळं, पण त्याच गटातलं औषध.

सोसायटीला उत्तर लेखीच द्या. कायद्याचा उल्लेख करा आणि 'पकडायला पाठवणाऱ्याचा परवाना दाखवा' एवढं एक वाक्य घाला. आमच्या शेजारणीने नंतर तेच केलं, त्यानंतर त्यांचा ई-मेल आला नाही.