आजीचं ताट आणि कोचचा कागद

सुट्टीला अमेरिकेतून गावी निघताना तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात फिगर स्केटिंगच्या कोचने कागद ठेवलाय: भात बंद, गोड बंद, रोज सकाळी वजन करून काट्याचा फोटो पाठवायचा. इकडे गुहागरला नारळी पौर्णिमेचा नारळीभात. लेकीने काजू-बेदाणे वेचून ताटाच्या कडेला लावले, चार शितं तोंडात टाकली आणि "पोट भरलं" म्हणून उठली. आजी आईकडे बघते, आई कागदाकडे.

आधी काटा बाजूला करा. आज-उद्यात वजनात पडणारा अर्ध्या-एक किलोचा फरक पाण्याचा, मिठाचा, पोट साफ झालं की नाही याचा असतो. त्यावरून चरबीचं काहीही कळत नाही. वजन डॉक्टरांकडेच करावं, दोन-तीन महिन्यांतून एकदा. आकडा मुलीला सांगायची गरज नाही. उंचीची नोंद मात्र ठेवा. उंची वाढतेय आणि वजन हललेलं नाही, तर ते कौतुकाचं लक्षण नव्हे.

कोचचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हेही खरं. अंग जितकं अरुंद आणि हलकं, तितकी हवेत गिरकी वेगाने होते. पण वाढीच्या ऐन वर्षात मुलीची उंची सात-आठ सेंटिमीटर आणि वजनही जवळपास तितकेच किलो वाढू शकतं. तोल बदलतो आणि काही महिने जुळलेल्या उड्या बिघडतात. तेव्हा जेवण तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, पाळी लांबते आणि हाडं ठिसूळ राहतात. लँडिंगला पायावर वजनाच्या पाच-सहा पट भार येतो, तो याच हाडांवर. रशियन स्केटर युलिया लिपनित्स्काया २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्णपदक जिंकली आणि २०१७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, अॅनोरेक्सियाचं (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराचं) कारण देऊन निवृत्त झाली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने सीनियर गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर न्यायचं ठरवलं.

आता ताट. बर्फावर रोज दीड-दोन तास घालवणाऱ्या ४० किलोच्या मुलीला दिवसाला निदान २०० ग्रॅम कर्बोदकं लागतात. वाटीभर शिजलेल्या भातात ती साधारण ४० ग्रॅम असतात. म्हणजे भात बंद केला, तर ही भर घालायची कुठून? सकाळी दोन घावन आणि दूध, दुपारी भात, कुळथाचं पिठलं, भाजी, चारला केळं किंवा नाचणीची आंबील, रात्री पुन्हा भात किंवा भाकरी. मासे खाणारं घर असेल तर बांगडा उत्तम. पावसाळ्यात मासेमारी बंद असेल तर जवळ्याची चटणी. या वयात कॅल्शियम रोज १३०० मिलिग्रॅम लागतं. वीस-तीस ग्रॅम नाचणीच्या पिठातून जेमतेम शंभर मिळतं, तेव्हा दूध-दही सोडून चालणार नाही. परत गेल्यावर पहाटे पाचच्या सरावाआधी अर्धं केळं तरी पोटात हवं आणि बर्फावरून उतरल्यावर तासाभरात नीट खाणं. रिकाम्या पोटी बर्फावर पाठवू नका.

ताटावरून भांडण नको. "किती गो वाळलीस!" आणि "आता बरी दिसतेस" ही दोन्ही वाक्यं मुलीला सारखीच लागतात, पाहुण्यांना आधीच, हळूच सांगून ठेवा. तिचे घास मोजू नका, पण सगळे एकत्र पंगतीला बसा.

बर्फ नाही म्हणून उड्यांचा सराव खळ्यात करायला निघाली, तर थांबवा. पावसात चिऱ्यांवर शेवाळ असतं. पडवीत, बूट घालून, दहा मिनिटं दोरीच्या उड्या पुरेत. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, एका पायावर उडी मारताना तिथेच कळ येत असेल, तर उड्या पूर्ण बंद आणि हाडांचे डॉक्टर. सलग तीन महिने पाळी चुकली किंवा पंधरा वर्षं झाली तरी आलीच नाही, तरीही डॉक्टरांकडे जायचं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व रत्नागिरी-चिपळूणला तपासून होतं. चक्कर येऊन पडली, किंवा जागेपणी बसल्या-बसल्या नाडी मिनिटाला ५० च्या खाली लागली, तर विमानाच्या तारखेची वाट बघू नका.

कोचला मेल इथूनच, आई-वडिलांच्या नावाने जाऊ द्या: "तिच्या वजनाबद्दल, शरीराबद्दल, खाण्याबद्दल तिच्याशी बोलू नये. शंका असल्यास आम्हाला लिहा, आम्ही तिच्या डॉक्टरांना विचारू." आणि रोजच्या फोटोचं: अमेरिकेत सेफस्पोर्टच्या (खेळाडूंना छळापासून जपणाऱ्या संस्थेच्या) नियमांनुसार कोचने अल्पवयीन खेळाडूशी परस्पर, दुसऱ्या मोठ्या माणसाला न घेता मेसेज करायचे नसतात. तेव्हा ते मेसेज पुसू नका, जपून ठेवा. सराव बघायला आई-वडिलांनी रिंकवर बसायला कोचची हरकत असेल, तर दुसरा कोच शोधायला लागा.

परतल्यावर पहिला आठवडा फक्त सिंगल, म्हणजे एका गिरकीच्या उड्या. आणि उडी चुकली की वजनावर खापर फोडायच्या आधी बूट काढून बघा. या वयात पाय भराभर वाढतो, घट्ट बुटात बोटं दुमडतात, नखं काळी पडतात आणि टेकऑफ तिथेच बिघडतो.