धाग्यातून वीज : टेक्सटाइल घ्यावं की इलेक्ट्रॉनिक्स?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राहतो, माग इचलकरंजीत आहेत. मुलगी बारावी सायन्सला आहे. हालचालीतून वीज करणाऱ्या धाग्यावरच काम करायचं म्हणते. कोणती शाखा घ्यावी? – एक पालक

नमस्कार. टेक्सटाइल घ्या. शास्त्रज्ञ झोंग लिन वांग यांच्या गटाने 2012 मध्ये घर्षणातून वीज देणारा जनरेटर मांडला, तेव्हापासून अशी वीज करून दाखवणारे पुष्कळ झाले. अडतंय ते धागा टिकवण्यात.

चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा मागावर फणीत (धागे ज्यातून ओवलेले असतात तो कंगवा) खरवडतो, उरलेला मुलामा धुण्यात तडकतो आणि रोध (वीज वाहायला होणारा अडथळा) चढत जातो. गाभ्यात स्टीलची बारीक तार घातली तर धुणं सोसतं. पण पीळ आणि ताण जमला नाही की वरचं आवरण सरकून गाभा उघडा पडतो. सगळ्यात आधी तुटतो तो धागा आणि सर्किट यांच्यातला जोड. नायलॉन 220 ते 260 अंशांना वितळतो आणि सोल्डरिंगचं टोक 300 च्या वर तापलेलं असतं, म्हणून तिथे क्रिंप (दाबून बसवायचा धातूचा जोड) किंवा प्रेस बटण लावावं लागतं. दमट हवेत विद्युतभार गळतो, त्यामुळे आपल्याकडच्या जुलैत चाचणी घ्यायलाच हवी.

प्रवेशाआधी घरी एवढं करू द्या. स्टीलच्या तारेवर नळाची टेफ्लॉन टेप गुंडाळायची, नायलॉनच्या कापडामागे अॅल्युमिनियम फॉइल लावायची. तार आणि फॉइल चार 1एन4148 डायोडच्या ब्रिजला (उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेला वळवणारी जोडणी) जोडायची, पुढे वीज साठवायला 1 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. कापड तारेवर बराच वेळ घासून मग बटणाने एलईडी जोडला की क्षणभर लुकलुकतो. मल्टिमीटर लावून ठेवू नका. त्याच्या आतल्या 10 मेगाओहम रोधातून कपॅसिटर काही सेकंदांत रिकामा होतो आणि मुलांना वाटतं, प्रयोगच फसला.

एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट द्यायचा. इचलकरंजीची डीकेटीई आणि मुंबईची व्हीजेटीआय, दोन्हीकडे टेक्सटाइलचं बी.टेक. आहे, जेईई अॅडव्हान्स्ड जमली तर आयआयटी दिल्ली. सर्किटचं शिक्षण सोबत चालू ठेवावं. मात्र बी.टेक. झाल्या झाल्या नेमकं हेच काम मिळेल असं धरून चालू नका. पहिली नोकरी बहुधा टेक्निकल टेक्सटाइल (विशिष्ट कामासाठी बनवलेलं कापड) किंवा टेस्टिंगमध्ये मिळेल; संशोधनासाठी एम.टेक. लागेल आणि त्यासाठीच्या गेट या प्रवेश परीक्षेला टेक्सटाइलचा स्वतंत्र पेपर आहे.

घरचे माग आहेत, हा तिचा मोठा फायदा. एक कांडी असा धागा भरून बाण्यात (आडव्या धाग्यांत) घालून बघा. ताण्यात (उभ्या धाग्यांत) नको, तिथे मागाची वही (उभे धागे वरखाली करणारा भाग) आणि फणी त्याला सोलतात. विणलेल्या पट्टीतल्या 10 सेंटिमीटर धाग्याचा रोध आज मोजा, मग 5, 10 आणि 20 धुण्यांनंतर, आणि आकडे तिच्याच वहीत लिहू द्या.